दोन बोटं खाली, एक वीत लांब

मित्रांनो, मी एक जुनी निळी मोटरसायकल आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. कुणी पाना घेऊन जवळ आलं की माझ्या टाकीतलं पेट्रोल गार पडतं. कुणी गोड बोलत सीटवरून हात फिरवला तर मी मनात म्हणते, आता हा काय सोडवून नेणार? तुम्ही म्हणाल, एवढी संशयी का गं तू? तर ऐका. सगळं ऐकून झाल्यावर मला नावं ठेवायची असतील तर खुशाल ठेवा.

जन्माला आले तेव्हा मी अशी नव्हते. ज्या कारखान्यात माझे सांधे जुळले तिथे शेवटच्या टेबलाशी एक बाई उभी असायची. तिचं काम फक्त मोजण्याचं. माझं पोट जमिनीपासून किती वर, पुढचं चाक धरणारे दोन पाईप किती कलते, पुढच्या चाकापासून मागचं चाक किती दूर, सगळं तिने मोजलं. शेवटी मला स्टँडवर उभी करून मी डावीकडे किती झुकते तेही मोजलं. तिच्या हाताखाली नव्याने आलेल्या मुलीने विचारलं, "ताई, स्टँडचं कशाला मोजायचं? ते काय रस्त्यावर धावतं?"

"अगं, ही मापं सुटी नसतात," बाई म्हणाली. "सासू, सून, नणंद, जाऊ एकाच घरात. एकीला जागची हलवली की घरभर आवाज."

ते वाक्य मी जन्मभर विसरले नाही. माझ्यासारख्या शर्यतीच्या बांध्याच्या गाड्या मागून उंच आणि पुढे वाकलेल्या असतात, शिटी वाजायची वाट बघणाऱ्या धावपटूसारख्या. आमची दोन चाकं एकमेकांजवळ असतात. म्हणून वळण आलं की आमच्याशी झटापट करावी लागत नाही. हँडलला नुसता इशारा केला तरी आम्ही अंग टाकतो आणि वळतो.

मला भिंगरीच्या बाबांनी विकत घेतलं. भिंगरी म्हणजे त्यांची मुलगी. एका जागी बसायची नाही म्हणून घरात तिचं हे नाव पडलं होतं. बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. काचेचा मध्य डोळ्याच्या बाहुलीसमोर यायला हवा, अर्धा मिलिमीटर जरी सरकला तरी माणसाचं डोकं दुखतं, असं ते घरी आलेल्या प्रत्येकाला सांगत. मला वाटलं, चला, मापाची कदर असलेला माणूस मिळाला.

तळमजल्यावर त्यांचं घर होतं. खिडकीसमोर, इमारतीच्या दोन खांबांमध्ये माझी जागा. खिडकीच्या आत शिवणयंत्र, आणि त्याच्यामागे भिंगरीची आई. ती लोकांचे कपडे आखूड करून, सैल करून, आवळून द्यायची. यंत्रावर पाय चालत असायचे आणि डोळे मात्र खिडकीबाहेर. कोण आलं, कोण गेलं, भिंगरी कुठे आहे, आणि ज्या मांजराला ती नको म्हणते ते मांजर कुठे आहे, सगळं तिला ठाऊक.

पहिली तीन वर्षं सुखाची गेली. बाबा रविवारी मला पुसायचे. तळ्याकडे जाणाऱ्या सात वळणांच्या रस्त्यावर आम्ही दोघं पहाटे जायचो, आणि प्रत्येक वळणावर मी त्यांना असं अलगद फिरवून आणायचे, की ते हेल्मेटच्या आत शीळ घालायचे. लोक थांबून मला बघायचे. मला वाटायचं, आपलं बरं चाललंय.

एकच अडचण होती. बाबांची उंची चपला घालून पाच फूट तीन. सिग्नलला थांबलं की त्यांच्या पायांचे फक्त चवडे टेकायचे. दुकानातले सहकारी रोज चिडवत. "काय रे, शिडी आणू का?" "उतरताना पॅराशूट घेतोस ना?" बाबा हसण्यावारी न्यायचे. पण एकदा उतारावरच्या सिग्नलला त्यांचा चवडा वाळूवरून घसरला आणि आम्ही दोघं हळूच, सगळ्यांसमोर, आडवे झालो. लागलं कुणालाच नाही. मागच्या गाडीवरची दोन माणसं मात्र हसली. त्या हसण्याचं पुढे काय झालं, ते त्या माणसांना कधी कळलंही नसेल.

दुसऱ्या दिवशी बाबा मला झकासकडे घेऊन गेले. त्या मेकॅनिकचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. काहीही सांगा, तो म्हणायचा, "झकास करून टाकतो." त्याच्या दुकानात स्टिकर, रंगीत नटबोल्ट, दिव्यांच्या माळा असं सगळं लटकत होतं. मोजपट्टी मात्र मला कुठे दिसली नाही. मला तेव्हाच संशय आला.

"दादा, मागून दोन बोटं खाली घेऊ," तो म्हणाला. "शॉकअपच्या खालच्या पट्ट्या बदलल्या की झालं. तासाभराचं काम."

"काही फरक नाही ना पडणार?"

"दोन बोटांनी काय होतंय! आरामात पाय टेकतील. झकास."

पट्ट्या बदलल्या. बाबांचे पाय टेकले. बाबा खूश झाले, आणि माझं नाक वर गेलं. गर्वाने नाही हो, मागची बाजू बसली म्हणून. पुढचे पाईप मागे रेलले. पूर्वी मी इशाऱ्यावर वळायचे, आता मला ढकलावं लागायला लागलं. जेवून सुस्तावलेल्या माणसाला "जरा उठ" म्हटलं की तो जसा उठतो, तशी मी वळू लागले. बाबा परत गेले. झकासने पुढचे पाईप क्लॅम्पमध्ये वर सरकवून पुढची बाजूही खाली घेतली. "आता लेव्हल!" तो म्हणाला. लेव्हल झाली खरी, पण आता माझं पोट रस्त्याच्या इतकं जवळ आलं की वळताना झुकायला जागाच उरली नाही. जरा अंग टाकलं की फूटरेस्ट डांबराला घासायचं. खर्रर्र.

आणि स्टँड? स्टँडची आठवण कुणालाच नव्हती. मी खाली आले, स्टँड होता तेवढाच राहिला. पूर्वी मी त्याच्यावर निवांत डावीकडे रेलायचे. आता तो मला रेलूच देईना. परेडमधल्या शिपायासारखी ताठ. बघणाऱ्याला वाटायचं, वा, काय ऐटीत उभी आहे. मला आतून कळत होतं, की उजव्या बाजूने माझा तोल केसावर आहे.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण झकासच्या दुकानासमोर रविवारी सकाळी पाच-सहा लांबलचक गाड्या जमायच्या, आणि गोदामांमागच्या सरळ रस्त्यावर सुसाट सुटायच्या. त्या गाड्यांची मागची चाकं सीटच्या कितीतरी मागे असायची. एकाने बाबांना म्हटलं, "खाली केलीस, आता लांब कर. अशी अर्धवट बुटकी काय ठेवलीस?" बुटकी म्हणाला तो मला. पण लागलं कुणाला, ते सांगायला नको.

मागचं चाक धरणारे माझे दोन दणकट हात काढून त्या जागी एक वीत लांब हात बसवले. चेन वाढवली. ब्रेकचा पाइप मात्र तोच. झकासने तो ओढून ताणून बसवला आणि म्हणाला, "पुरतोय की." तारेवर वाळत टाकलेली साडी दोन्ही टोकांनी ओढली तर जशी दिसते, तसा तो पाइप दिसत होता. खड्ड्यात चाक खाली गेलं की तो मला चिमटा काढायचा.

खोटं कशाला बोलू? सरळ रस्त्यावर मी झकास झाले होते. पूर्वी जोरात सुटताना माझं पुढचं चाक उचलायचं, आता जमिनीला चिकटून राहायचं. रुळावर धावल्यासारखी मी सरळ जायचे. तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मलाही त्या गोड लागल्या हे कबूल करते. पण मित्रांनो, नुसता सरळ असा रस्ता घरापासून तळ्यापर्यंत कुठेच नाही.

एका रविवारी बाबा मला तळ्याच्या रस्त्यावर घेऊन गेले. पहिली दोन वळणं सौम्य होती. तिसरं वळण म्हणजे केसाच्या आकड्यासारखं वाकलेलं. बाबांनी नेहमीसारखा इशारा केला. मी वळले, पण थोडी. त्यांनी जोर लावला, मी अजून झुकले आणि फूटरेस्ट रस्त्यात रुतलं. ठिणग्या उडाल्या. बाबांच्या बुटाची कड घासली. मी रस्त्याच्या मधली पांढरी रेघ ओलांडून समोरच्या बाजूला गेले. समोरून गाद्या लादलेली एक हातगाडी येत होती. गाडीवाला ओरडला, आणि आम्ही हातभर अंतरावरून पार झालो.

पुढे थांबून बाबांनी रस्त्याकडे पाहिलं. "वाळू होती," ते स्वतःशीच म्हणाले. वाळू नव्हती. तिथे वाळूचा कणही नव्हता. मी होते ना तिथे.

घरी त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. उलट त्या संध्याकाळी भिंगरीने त्यांना आठवण करून दिली. तिला शनिवारी सात वर्षं पूर्ण होणार होती, आणि सात झाली की बाबा तिला माझ्यावर बसवून तळ्यावर नेणार असं फार दिवसांचं ठरलेलं होतं. छोटं लाल हेल्मेट घरात येऊन पडलं होतं. भिंगरी ते घालून अभ्यास करायची, ते घालूनच जेवायची.

"बाबा, नक्की ना?"

"नक्की म्हणजे? सातच्या सात वळणं!"

मी बाहेर उभी राहून ऐकत होते. तिसऱ्या वळणावर काय होतं ते घरात एकट्या बाबांना माहीत होतं आणि घराबाहेर एकट्या मला. बाबा बोलत नव्हते. मला बोलता येत नव्हतं.

आता भिंगरीच्या आईबद्दल सांगते, कारण माझा सगळ्यात मोठा संशय तिच्यावर होता. कपडे दुरुस्त करणाऱ्या माणसाला झिजेची भाषा कळते. विजारीचा कुठला गुडघा झिजला यावरून ती सांगायची की हा माणूस कुठल्या पायावर बसून काम करतो. तिने बाबांचा बूट उचलला.

"अहो, ही कड कशाने घासली?"

"पायरीला घासली असेल."

"कुठली पायरी? आपण तळमजल्यावर राहतो."

"दुकानातली गं. तू ना, पोलिसांत जायला हवी होतीस."

"त्यांनी घेतलं असतं, पण भिंगरीला कोण बघणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गळ्यात मापाची टेप आणि हातात खडू घेऊन माझ्याकडे आली. माझ्याभोवती दोन चकरा मारल्या. वाकून घासलेलं फूटरेस्ट पाहिलं. मग उजव्या बाजूच्या खांबापासून माझ्या हँडलच्या टोकापर्यंत टेप लावली, आणि खांबावर खडूने आकडा लिहिला. मंगळवारी परत आली, परत मोजलं, परत लिहिलं. बुधवारी परत. मला वाटलं, ही मला भंगारवाल्याच्या टेम्पोत घालायचं माप घेतेय. मागचा दरवाजा बंद होईल का, एवढंच बघतेय.

गुरुवारी संध्याकाळी तिने बाबांना खांबापाशी उभं केलं.

"सोमवारी एकोणीस इंच. मंगळवारी साडेअठरा. आज सतरा. ही रोज जरा जरा सरळ होतेय. खरं सांगा, गुपचूप अजून खाली करताय ना हिला?"

"मी? मी हातही लावलेला नाही. रविवारनंतर किल्लीसुद्धा फिरवली नाही."

"मग ती काय स्वतःहून उठून उभी राहतेय?"

"तुझी टेप ताणली गेली असेल."

आईने टेप बोटांभोवती गुंडाळली. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या टेपवर संशय घेणं म्हणजे काय, ते बाबांना बोलून झाल्यावर कळलं. "माझी टेप," ती सावकाश म्हणाली, "ताणली जात नाही. लोक ताणतात."

बाबा खरं बोलत होते बरं का. मला ते माहीत होतं. माझ्या मागच्या चाकातली हवा हळूहळू जात होती. चाक बसत होतं, मी अजून खाली येत होते, आणि तो लांब स्टँड मला रोज थोडा थोडा उजवीकडे लोटत होता. पण ज्या माणसाने एकदा बुटाच्या कडेवरून थाप मारली, त्याच्या खऱ्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? आईने तर नाहीच ठेवला.

शुक्रवारी सकाळी बाबा दुकानात गेल्यावर ती पुन्हा बाहेर आली. टेप लावली. सोळा. मग आत जाऊन पिशव्यांच्या बंदांसाठी आणलेली जाड, रुंद सुती पट्टी घेऊन आली. पट्टीचं एक टोक माझ्या सांगाड्याला बांधलं, दुसरं डावीकडच्या खिडकीच्या गजाला. दोनदा गाठ मारली. मग ओढून बघितलं आणि तिसरी गाठ मारली. मला तेव्हा काय वाटलं सांगू? वाटलं, पळून जाऊ नये म्हणून बांधतेय. टेम्पो आजच येणार.

टेम्पो आला नाही. दुपारी भिंगरी शाळेतून आली. माझ्या आणि खांबाच्या मधली उजवीकडची चिंचोळी जागा म्हणजे तिच्या बाहुल्यांचं घर. तिथे बसायचं नाही असं तिला आठवडाभर बजावलं होतं. पण त्या दिवशी आईच्या हातात सुयांनी टाचलेला कुणाचा तरी कोट होता, आणि भिंगरीला बाहुलीला फक्त शुभ रात्री म्हणून यायचं होतं. भर दुपारी. ती खाली बसली. दप्तर पाठीवर जड झालं म्हणून तिने ते काढलं, उभी राहिली आणि माझ्या उजव्या हँडलला अडकवलं.

मित्रांनो, त्या दप्तराचं वजन फार नव्हतं. पण केसावरच्या तोलाला दप्तर कशाला, रुमालसुद्धा पुरतो. मी उजवीकडे कलले. स्टँड जमिनीवरून उचलला गेला. माझं एवढं अवजड लोखंड, आणि खाली बाहुलीला पांघरूण घालणारी ती. मला थांबता येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला ब्रेक हवे होते आणि ते माझ्याकडे असूनही माझ्या उपयोगाचे नव्हते.

तेवढ्यात पट्टी ताणली गेली. टण्! गज करकरला. तिन्ही गाठी आवळल्या. मी अर्ध्यात, तिरकी, लटकून थांबले.

खिडकीतलं शिवणयंत्र बंद पडलं. आई ओरडली नाही. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "भिंगरी, बाहुलीला तिथेच झोपू दे. तू रांगत मागच्या बाजूने बाहेर ये. वर बघू नकोस." भिंगरी रांगत बाहेर आली. आईने तिला उचललं, आणि मग मात्र ती उंबऱ्यावर बसून इतकी रडली, की भिंगरीच तिला थोपटू लागली. "आई, मी फक्त गुड नाइट म्हणत होते गं."

संध्याकाळी बाबा आले. आईने मला पुन्हा सरळ करून ठेवलं होतं, पट्टी तशीच. तिने भिंगरीचं दप्तर त्यांच्या हातात दिलं.

"हिच्या उजव्या हँडलला अडकवा."

"कशाला?"

"अडकवा म्हणते ना."

त्यांनी अडकवलं. मी कलले, पट्टी ताणली, गज करकरला. बाबांनी घाबरून दोन्ही हातांनी मला धरलं. खाली त्यांच्या पावलांपाशी पांघरूण घेतलेली बाहुली होती. त्यांनी बाहुलीकडे पाहिलं, मग आईकडे.

ते खांबाला टेकले. मग म्हणाले, "रविवारी तिसऱ्या वळणावर वाळू नव्हती." आणि हातगाडीचं सगळं सांगितलं.

आई म्हणाली, "अर्ध्या मिलिमीटरने लोकांची डोकी दुखतात, हे तुम्हीच सांगता ना? मग हिला दोन बोटं खाली, एक वीत लांब करताना ते कुठे ठेवलं होतंत?"

शनिवारी भिंगरीच्या वाढदिवसाला आई-बाबा मला ढकलत कोपऱ्यावरच्या टायरवाल्या मावशींकडे घेऊन गेले. भिंगरी लाल हेल्मेट घालून, फुगलेल्या तोंडाने, दहा पावलं मागे. मावशींनी मागच्या चाकावर साबणाचं पाणी ओतलं. एका जागी बारीक बुडबुडे आले. मावशींनी पक्कड लावली आणि ओढून काढलं, तर शिवणयंत्राची मोडकी सुई. जाड कापडाची.

आईचा चेहरा पडला. तशा सुया त्या सगळ्या गल्लीत एकाच घरात होत्या. केर काढताना एखादी उडून बाहेर गेली असणार. आठवडाभर तिने नवऱ्याला धारेवर धरलं, झकासला मनात शिव्या दिल्या, मलाही सोडलं नाही. स्वतःच्या केरसुणीवर मात्र तिला कधी संशय आला नव्हता.

"बाई, तोंड पाडू नका," मावशी म्हणाल्या. "सुई लागली म्हणून तर गाडी इथवर आली. हा टायर बघा. मधोमध चपटा, कडा कोऱ्या. म्हणजे ही धड झुकतच नाही. हा ब्रेकचा पाइप बघा, अजून एक मोठा खड्डा, की तुटलाच." मग बाबांकडे वळून म्हणाल्या, "का हो, लांब शिडी घेऊन कधी जिना चढलात? सरळ पायऱ्यांवर मजेत चढते. जिना वळतो तिथे काय होतं?"

"भिंतीला ठोकते," बाबा पुटपुटले.

"आणि तुमची ही गाडी म्हणजे तशीच शिडी, तीही जमिनीलगत. मग वळताना झुकणार कुठे?"

शिडी हा शब्द ऐकून बाबा लाल झाले. एवढी वर्षं दुकानातले ज्या शिडीवरून चिडवत होते, तशीच लांब शिडी त्यांनी माझी करून ठेवली होती.

झकासकडे माझे जुने हात, जुन्या पट्ट्या पोत्यात पडून होत्या. "वहिनी, सगळं परत? अहो, लोक काय म्हणतील?"

"लोक तिसऱ्या वळणावर येऊन धरणार आहेत का?" आई म्हणाली, आणि स्टूल ओढून कामापाशी बसली. तिने प्रत्येक माप टेपने घेतलं. पुढचे पाईप कुठवर सरकवायचे, मागची बाजू किती वर, चेनला ढील किती. ते आकडे बाबांनी माझ्यासोबत आलेल्या पुस्तकातून वाचून दाखवले. ते पुस्तक इतकी वर्षं ड्रॉवरमध्ये न उघडता पडलं होतं. झकासला घाम फुटला. त्या दिवशी त्याने झकास हा शब्द एकदाही काढला नाही.

पण बाबांचे पाय? ते तर पुन्हा अधांतरी. आईने त्यांना माझ्यावर बसवलं आणि टाचेपासून जमिनीपर्यंत माप घेतलं. दोन बोटं. मग ती त्यांच्या पायांकडे न बघता मांड्यांकडे बघत राहिली.

"तुमचे पाय आखूड नाहीत. सीट रुंद आहे. मांड्या बाहेर फाकतात, म्हणून पाय वर राहतात."

सीट तिने घरी नेली. वरचं आवरण उसवलं, आतला फोम पुढच्या बाजूने पात्याने तासून निमुळता केला, आणि आवरण आवळून असं शिवलं की शिवण शोधून सापडू नये. एक बोट मिळालं. दुसरं बोट चांभाराने बुटाला जाड तळ लावून दिलं. बाबा बसले. दोन्ही पाय टेकले. माझा एकही सांधा न हलवता.

"हे आधीच का नाही सुचलं?" बाबा म्हणाले.

"सुचलं असतं की. मला विचारलं असतं तर."

तेव्हापासून मी पुन्हा डावीकडे निवांत रेलते. बाबा तळ्याच्या रस्त्याला जातात, इशारा करतात, मी वळते. तिसऱ्या वळणावर ते अजून शीळ घालत नाहीत. मीही घाई करत नाही. विश्वास हळूहळूच बसतो. आणि आईवर मी उगाच संशय घेतला याची मला लाज वाटते. ती टेम्पोचं माप घेत नव्हती. ती तेवढी एकटीच माझं म्हणणं ऐकत होती. आता तिच्या यंत्राशेजारी मोडक्या सुयांसाठी झाकणाची बाटली आहे.

भिंगरी मात्र अजून माझ्यावर बसलेली नाही. आईने तिलाही मोजलं. मागच्या फूटरेस्टवर तिचे पाय टेकत नाहीत, चार बोटं कमी पडतात. "टेकतील तेव्हा जा," आई म्हणाली, आणि खांबावर माझ्या जुन्या आकड्यांशेजारी, तिला गाठायच्या उंचीची एक नवी रेघ मारली. दर महिन्याला भिंगरी त्या रेघेपाशी उभी राहते आणि हळूच टाचा उचलते. आई टेपचं टोक तिच्या टाचेखालून सरकवते. ते सरकतं. भिंगरी चडफडते. मी हसते. चवड्यांवर उभं राहून माप पुरं करायला गेलं की काय होतं, ते मला विचारा.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी असेल, सायकल असेल, झोपाळा असेल, तर त्याचं एखादं माप बदलण्याआधी बाकीच्या मापांना विचारा. त्यांना बोलता येत नाही, पण झिजेतून, घासण्यातून, उभं राहण्यातून ती सांगत असतात. आणि कुणी "एवढ्याने काय होतंय" म्हणालं, तर त्याच्याकडे मोजपट्टी आहे का तेवढं बघा.

आता सगळं ठीक आहे. स्टँड बरोबर, चाकात हवा, मापं जागच्या जागी. तरी ती सुती पट्टी अजून खिडकीच्या गजाला बांधलेली आहे, तिन्ही गाठींसकट. बाबा मला बाहेर काढताना रोज सोडतात, आणि परत आल्यावर आई रोज बांधते. "अगं, आता कशाला?" ते विचारतात. ती गाठ ओढून बघते.

मीही सोडा म्हणत नाही.